नावं ठेवणारी बाई

माझी बायको सोशिक नव्हती. हे आधी लिहून टाकतो, बाकीचं मागून.

तिच्या तेरवीला आमच्या मोहल्ल्यातले एक रिटायर हेडमास्तर पंगत बसायच्या आधी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "सिंधूताई म्हणजे शांत, सोशिक आणि समाधानी. मिळेल त्यात गोड मानणाऱ्या. कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत." मी भिंतीला टेकून बसलो होतो, डोक्याला दुखवट्याचा नवा दुपट्टा. मला वाटलं गुरुजी घर चुकले, दुसऱ्याच कोणाचं भाषण आमच्याकडे करून राहिले. पण समोर बसलेल्या बाया माना हलवत होत्या. त्यातल्या निम्म्या बायांना माझ्या बायकोनं कधी ना कधी उभं फाडलेलं होतं.

मग संजूनं, म्हणजे माझ्या पोरानं, तिचा फोटो मढवून आणला. खाली सोनेरी अक्षरात तेच तीन शब्द. शांत, सोशिक, समाधानी.

मी म्हटलं, "हे कोन बाई आहे?"

तो म्हणाला, "बाबा, आता असं नका ना करू."

सूनबाई म्हणाली, "चांगलंच तर लिहिलंय, बाबा."

लिहिलंय चांगलं. पण कोणाबद्दल? माणूस मेला तर लोक म्हणतात, वाघ होता, कोणाच्या बापाला भ्याला नाही. बाई मेली की तिला धुऊनपुसून मुकी करतात आणि भिंतीला टांगतात. मी सातवीपर्यंत शिकलो, दालमिलमध्ये मशिनी दुरुस्त केल्या, लिहायची मला सवय नाही. पण त्या सोनेरी अक्षरांच्या खाली रोज बसून चहा पिणं माझ्यानं होत नाही, म्हणून लिहितो.

सिंधू अमरावतीची आणि मी अकोल्याचा. अंतर ते काय? सकाळी निघालेला माणूस अमरावतीचं काम आटपून रात्री अकोल्याला घरी जेवतो. लोक पोरी कुठे कुठे देतात, समुद्रापार देतात, त्या पोरी व्हिडिओवर हसतात आणि गप राहतात. आमच्या बाईनं एवढ्याशा रस्त्याचा परदेश करून ठेवला होता. उभा जन्म तिनं अकोल्यात काढला आणि उभा जन्म अकोल्याला नावं ठेवली.

सुरुवात पाण्यापासून झाली. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारं. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, आम्ही त्याच पाण्यावर वाढलो. नवी नवरी म्हणून तिनं पहिल्यांदा तुरीचं वरण टाकलं, डाळ काही शिजेना. माझी आई चुलीपाशी येऊन उभी राहिली. नव्या सुनेनं अशा वेळी डोळ्यांत पाणी आणायचं असतं, म्हणजे सासूला माफ करता येतं. हिनं पळी खाली ठेवली आणि सासूला म्हणाली, "मामी, मी शिजवून राहिली, पन तुमचं गाव शिजू देत नाई."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी बाहेर गेलो.

तेव्हापासून ती माहेराहून येताना प्लास्टिकची कॅन भरून पाणी आणायची. एकदा एस.टी.त मी सोबत होतो. कंडक्टरनं कॅनवर पाय आपटला. "बाई, तेल आहे का तूप?"

"पानी हाय."

"पाणी? अकोल्यात पाणी नाही का?"

"हाय ना. पन त्याले आमी पानी म्हनत नाई."

सगळी गाडी अकोल्याची होती. कोणी खोकलं, कोणी खिडकीबाहेर पाहिलं. मी दुसऱ्या सीटवर जाऊन बसलो आणि बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत तिला ओळख दिली नाही. घरी आल्यावर त्या पाण्याचं वरण केलं. चांगलं झालं होतं. मी तसं म्हटलं नाही, पण दोनदा वाढून घेतलं. ती नुसती पाहत होती. ते जास्त वाईट.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड येते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोट्टे रात्रभर चालतात आणि राजेश्वराला वाहतात. सगळं शहर रस्त्यावर असतं. हीसुद्धा नवी साडी नेसून यायची, सगळ्यांत पुढे उभी राहायची आणि तोंडानं चालू, "पाह्य. मी कॅनमध्ये पानी आनलं तं हसता. अन् हे आनते तं ढोल वाजवता." बाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. देवाधर्माचं असं बोलू नये, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "देवाले समजते. तुमाले समजत नाई."

मग गिला वडा. दह्यातला वडा सगळ्या जगात होतो, पण गिला वडा अमरावतीचा, हे तिचं शास्त्र. अकोल्यात एकानं गाडीवर पाटी लावली, 'अमरावतीचा प्रसिद्ध गिला वडा'. मी मोठ्या हौसेनं तिला घेऊन गेलो. वाटलं, बाईचं तोंड एकदाचं बंद होईल. तिनं एक घास खाल्ला आणि गाडीवाल्याला विचारलं, "कोन करते हा?"

"ताई, खास अमरावतीचा कारागीर ठेवला आहे."

"मंग त्याले चार दिस घरी पाठव बापा. त्याले घरची आठवन येऊन राहिली. वडा रडून राहिला त्याचा."

गाडीवाला हसला, पैसे घेईना. तिनं पैसे जबरदस्तीनं गल्ल्यात टाकले. म्हणाली, "फुकटचं खाल्लं तं नावं कशी ठेवू?"

वाचणाऱ्याला वाटेल, कजाग बाई होती. बरोबर आहे. पण ऐका.

आम्ही जुन्या शहरात एका चाळीत राहत होतो. चाळीत सगळ्यांना मिळून एक नळ आणि घरमालकानं त्या नळाला कुलूप घातलेलं. सकाळी त्याला जाग आली की कुलूप उघडायचं, पूजा झाली की बंद. सगळ्या बाया हंडे घेऊन त्याच्या पूजेकडे कान लावून उभ्या. कोणी बोलत नव्हतं. आम्ही गडी माणसंही नव्हतो बोलत. घर सोडायला लावलं तर जायचं कुठे?

हिनं भांडण केलं नाही. सकाळची कामं आटपली की ती मालकाच्या ओट्यावर जाऊन बसायची. त्याच्याकडे येणारे-जाणारे खूप. जो येईल त्याला ही सांगणार, "आमच्या अमरावतीले असं नाई बरं. आमच्या अमरावतीले घरमालक हंडा उचलू लागते." एखादा पाहुणा म्हणायचा, हो का? की ही म्हणायची, "हाव. कुलूप आमी तिजोरीले लावतो, नळाले नाई." मालक आतून ऐकायचा. शेवटी एक दिवस बाहेर येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या अमरावतीत काय सगळे देवच राहतात का?"

"नाई जी. मानसंच राहते. म्हनून तं सांगून राहिली."

कुलूप निघालं. त्याच दिवशी शेजारच्या बायांनी तिला येऊन सांगितलं, वहिनी, आता जिन्यातल्या दिव्याचं बोला. मग मोरीचं बोला. मग कोणाच्या नवऱ्याचं बोला. ही सगळ्यांचं बोलली. अमरावतीत नवरे बायकोला मारत नाहीत, असंसुद्धा तिनं एकाला तोंडावर सांगितलं. खोटं होतं ते, तिलाही माहीत होतं, पण तो माणूस ओशाळला. त्याच बाया तेरवीला माना हलवत होत्या. शांत होत्या म्हणे. शांत असती तर तुम्ही अजून हंडे घेऊन उभ्या असत्या.

मिलमधून सुटलो तेव्हा मी तिला म्हटलं, "चल, आता राहू तुया अमरावतीले." तिला वाटलं मी मस्करी करून राहिलो. मी केली नव्हती. आयुष्यभर एका बाईचं ऐकून घेतलं की शेवटी तिचं खरं करून पाहावंसं वाटतं. अंबादेवीच्या मागच्या बाजूला, तिच्या भावाच्या घराजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. संजूला आवडलं नाही. लोक काय म्हणतील, पोरानं आईबापाला काढलं म्हणतील. मी म्हटलं, म्हणू दे.

सामान लावून झालं आणि ती शहर पाहायला निघाली. माझ्या हाताला धरून नेलं, जसं काही मी अमरावती कधी पाहिलीच नाही. राजकमल चौकात येऊन उभी राहिली. वरून पूल गेलेला, खालून गाड्या. म्हणाली, "इथं आभाळ होतं." छत्री तलावावर गेलो, तिथे पोट्टेपोट्टी फोनसमोर तोंडं करून उभे. ती एका दगडावर बसली, मग उठली. "दगड बदलला." मी म्हटलं, दगड कसा बदलेल? ती म्हणाली, "मंग मी बदलली का?" येताना तिनं गिला वडा घेतला, खाल्ला, आणि काही बोलली नाही. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

काही दिवसांनी ती भाजीवालीशी बोलताना माझ्या कानावर आलं. हातात सांबाराची जुडी होती, कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. ती जुडी नाकाशी धरून म्हणाली, "हे काय सांबार हाय? आमच्या अकोल्याचं सांबार पिशवीत असलं तं गल्लीले समजते."

आमच्या अकोल्याचं. मी दारात उभा होतो, तिथेच उभा राहिलो.

मग तो धबधबाच सुरू झाला. आमच्या अकोल्याले रिक्षावाले बोलतात कसे, गोड. आमच्या अकोल्याची ऊन पाहा, ऊन असावी तर तशी, पापड एका दिवसात वाळते. खाऱ्या पाण्यालासुद्धा तिनं सोडलं नाही. म्हणे, "त्या पान्यानं चव समजत होती. हे पानी तं फिक्कं हाय." श्रावणातला शेवटचा सोमवार आला तर सकाळपासून तिचं कामात लक्ष नाही. घडी घडी दाराशी जाते आणि म्हणते, "आता नदीवरून निघून आले असतील. आता पुलापाशी असतील." तिचा भाऊ बंडू आला होता, त्याला म्हणाली, "तुमच्या अमरावतीले हाय का असं काही?"

बंडूच्या हातातला पेढा हातातच राहिला. "ताई, तुमच्या?"

"मंग कोनाच्या?"

"अवो, जलमभर आमचे कान खाल्ले तू. अमरावती, अमरावती. भाऊजी बिचारे घरदार सोडून आले तुयासाठी."

खरं सांगतो, मला संताप आला होता. माझं सगळं अकोल्यात राहिलं होतं, माझी माणसं, माझी बसायची जागा. इथे मला सकाळी कोणी नावानं हाक मारत नव्हतं. मी तोंडातून शब्द काढला नव्हता आणि ही उठून माझ्याच गावाचं कौतुक मला ऐकवते. मी ओरडलो. म्हटलं, "लाज नाई वाटत तुले? तिथं होती तं इथलं, इथं आली तं तिथलं. कुठं तरी समाधान आहे का नाई?"

ती शांतपणे तांदूळ निवडत होती. हा एवढाच शांतपणा मला आठवतो.

म्हणाली, "इथलं इथं कसं आठवीन? इथं तं मी हावोच." मग ताट बाजूला ठेवलं. "अन् तुमी. मिलच्या फाटकावरचा चहा आठवून राहिला ना तुमाले? कप अर्धा ठेवून उठता रोज. तुमाले बोलता येत नाई अन् रडताही येत नाई. मंग मीच बोलीन ना दोघाईचं."

बंडूनं पेढा खाल्ला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. लग्न झाल्यापासून ती बोलायला लागली की मी बाहेर जात आलो, आणि ती बोलत आली ते बरंचसं माझ्या वाटचं होतं, हे मला त्या वयात, त्या परक्या ओट्यावर समजलं.

मग तिला दम लागायला लागला. पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालं आहे. ती म्हणाली, "चांगलंच हाय ना मंग." डॉक्टर हसले नाहीत.

संजू गाडी घेऊन आला. अकोल्याला न्यायचं त्यानं फोनवरच ठरवून टाकलं होतं. त्याच्या ओळखीचा दवाखाना, त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट, सूनबाईनं खोली लावून ठेवलेली. सगळं बरोबर होतं. मी त्याच्यात चूक काढत नाही. पण कोणी तिला विचारलं नाही, आई, तुला कुठे राहायचं आहे. ती पलंगावर बसली होती आणि तिच्यासमोर संजू तिच्या साड्या पिशवीत भरून राहिला होता. म्हणाली, "मी नाई येत."

संजू म्हणाला, "आई, नाहीतरी तूच म्हणतेस ना आमचं अकोलं चांगलं. मग चल तर."

तो लहान होता तेव्हा पाहायची, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मी म्हनलं ते ऐकाचं. त्याचा अर्थ तू काढू नोको."

पण पोरानं अर्थ काढला आणि अर्थासकट तिला उचलून गाडीत बसवलं. याचा राग मला आजही आहे. चार डॉक्टर म्हणोत की तेच बरोबर होतं. एक बाई आयुष्यभर जीव लावून जे बोलली, ते तिच्याच विरुद्ध कागदासारखं पुढे करायचं, हे बरोबर नाही. आणि ज्या पोरानं तिचं बोलणं असं धरून तिला हलवलं, तोच फोटोखाली लिहितो की ती बोललीच नाही.

गाडी देवळाजवळून जात होती. संजूचा जीव वाईट नाही. त्यानं गाडी हळू केली. "आई, अंबादेवीचं दर्शन घेऊन जाऊ. खुर्ची मिळते तिथे, मी नेतो तुला."

"राहू दे."

"अगं, दोन मिनिटं लागतील."

"राहू दे म्हनलं ना. सगळंच करून गेलं तं मागं काय राहीन? पुढच्या खेपेले घेईन."

संजू म्हणाला, "आई, पुढची खेप म्हणजे..." आणि गिअर टाकला. मागच्या सीटवर मी तिच्या बाजूला होतो. तिनं देवळाकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात मांडीवर, जसं काही पदरात काही बांधून घेतलं आहे आणि ते सांडू नये.

त्यानंतर अकोल्याच्या दवाखान्यात ती काही दिवस होती. ते मी सांगत नाही. नाकात नळी, तोंडावर मास्क, बोलायची बंदी. ती माझी बायको नव्हती, ती त्या दवाखान्याची पेशंट होती. माझ्यासाठी ती शेवटची दिसली ती त्या रस्त्यावर.

मूर्तिजापूर आलं. म्हणाली, "चहा पाहिजे." संजू म्हणाला, घरी गेल्यावर घेऊ, बाहेरचा नको. मी म्हटलं, "थांबव." बहुतेक पहिल्यांदा मी तिच्यासाठी बोललो असेन. रस्त्याच्या कडेला एक टपरी होती. गाडीचं दार उघडून ती पाय बाहेर सोडून बसली. सुजलेले पाय, चप्पल चढत नव्हती म्हणून अनवाणीच. धूळ उडत होती. ती इकडेतिकडे पाहत राहिली. ना मोठं देऊळ, ना तलाव, ना कोणी ओळखीचं. आम्ही आयुष्यभर या गावावरून गेलो आणि कधी उतरलो नव्हतो.

"कोनाची काहीच आठवन नाई इथं," ती म्हणाली. "कसं राहत असतील लोक?"

टपरीवाला म्हणाला, "मावशी, आमी तं इथलेच हावो."

"तुया चहावरून समजते. दूध फक्त दाखवलं का रे याले?"

तो हसला. तिनं अर्धा कप प्याला आणि बाकीचा धुळीत ओतून दिला. संजूनं घड्याळ पाहिलं. मी तिचे पाय उचलून आत घेतले आणि दार लावलं.

मग ती गप झाली. कुरणखेड गेलं, काटेपूर्णेचा पूल गेला. संजू आरशातून मागे पाहत होता, मी तिच्या छातीकडे पाहत होतो, श्वास चालला आहे ना. बोरगाव मंजू आलं. अकोला आता दिसेल एवढंच राहिलं होतं. तिनं डोळे उघडले.

"अकोल्यात तसा चहा नाई भेटत," ती म्हणाली.

संजू म्हणाला, "कसा?"

"त्या मूर्तिजापूरवाल्याचा. काय चहा होता."

"आई, तू तर अर्धा फेकून दिला."

"हाव," ती म्हणाली. "तोच अर्धा."

आणि माझ्या खांद्याला धरून, मोठ्या कष्टानं मान वळवून, मागच्या काचेतून ती रस्त्याकडे पाहत राहिली.